सातवा चौकोन

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून दीड वर्ष मुका असलेला बिरू कोळेकर पहिल्यांदा बोलला तेव्हा मिरजेच्या त्या दवाखान्यातल्या खोलीत चार माणसं होती आणि चौघांनीही श्वास रोखून धरला होता. बिरूच्या जबड्याखाली एक पातळ पट्टी चिकटवली होती आणि छातीवर काडेपेटीएवढी डबी लटकत होती. त्यानं बायकोकडं बघून ओठ हलवले. डबीतून आवाज आला. भरदार, खणखणीत, शब्द न् शब्द सुटा.

"तानूबाई. कृपया. चहा. घेऊन. ये."

मग तानूबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! आन् फलाट किती नंबरचा म्हनायचा?"

मुजावर मॅडम, म्हणजे आवाजाचं हे काम बघणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई, हसू आवरायला खिडकीकडं वळल्या. बिरूचे खांदे गदगदायला लागले. पण त्याचं हसू डबीनं बाहेर काढलं ते "हा. हा. हा." असं, तीन सारख्या मापाचे तुकडे करून. त्यावर तानूबाई खाली बसूनच हसायला लागली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला चौथा माणूस तेवढा हसला नाही. आवाज त्याचाच होता.

नंदकुमार गुरव विटा स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होता. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि माइकवरून पुकारायचं, हे त्याचं काम. खानापूर तालुक्यात त्याच्या शब्दावर पळाला नाही असा माणूस सापडणं अवघड. पण त्याचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. बाजारात मेथीची जुडी केवढ्याला म्हणून विचारलं की भाजीवाली बाई दचकून वर बघायची, "तुमी स्टँडवरलं का वो?"

आवाज हीच त्याची रोजीरोटी, म्हणून त्यानं तो जपला. सकाळी ज्येष्ठमध, दिवसभर कोमट पाणी. ताक, लोणचं, थंड काही घशाखाली जाऊ दिलं नाही. आणि घरी आला की बोलायचा नाही. दोन बोटं वर केली की चहा. तळहात खाली दाबला की पंखा कमी कर. मान डोलावली की भाजी चांगली झाली. शैलानं, त्याच्या बायकोनं, तीस वर्षं ही बोटांची भाषा वाचली. सुरुवातीला ती चिडायची, मग चेष्टा करायची, मग तिनंही बोलणं कमी केलं. लोकांसाठी घसा राखतोय, यात घरच्यांचं काही जातंय असं नंदकुमारला कधी वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी स्टँडवर यंत्र आलं. प्रत्येक गाडी कुठवर पोचली हे उपग्रहावरून कळायचं आणि यंत्र आपलं आपण पुकारायचं. नंदकुमार केबिनमध्ये बसून यंत्र बरोबर पुकारतंय की नाही एवढं ऐकायचा. ते कधी चुकलं नाही. आता निवृत्तीला सव्वा महिना राहिला होता. शैला मुलीच्या, स्नेहलच्या, बाळंतपणाला म्हणून चिंचवडला गेली होती, त्याला दीड वर्ष झालं होतं. नात चौदा महिन्यांची झाली, तरी शैलाच्या परतीची भाषा नव्हती.

रोज साडेआठला तिचा फोन यायचा.

"जेवलात?"

"हं."

"गोळी घेतली?"

"हं."

"बरं मग. ठेवते."

ती ठेवायची. हा फोन हातात धरून बसायचा. काहीतरी बोलायचं होतं, असं त्याला प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर वाटायचं. पण काय, ते कळायचं नाही.

निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न त्यानं टाळला नाही. आधीच शोधाला लागला. भजनी मंडळात गेला, तर त्यांनी देणगीदारांची नावं पुकारायला लावली. ज्येष्ठ नागरिक संघात गेला, तर डोळे तपासणी शिबिराचा माइक त्याच्या हातात आला. टेकडीवर झाडं लावणाऱ्या पोरांकडं गेला, तिथं खड्डे खणायची हौस होती त्याला. पण पोरं म्हणाली, "काका, तुम्ही फक्त लोकांना रांगेत यायला सांगा. तुमचा आवाज भारी आहे." माणूस कुणालाच नको होता. सगळ्यांना भोंगा हवा होता.

म्हणून दवाखान्याच्या भिंतीवरचा 'आवाज दान करा' हा कागद वाचला तेव्हा त्याला वाटलं, आहे तेच देऊन टाकावं. तीन दिवस भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसून त्यानं हजारभर वाक्यं वाचली. एकदाही अडखळला नाही. आपण मोठं काम करून आलो, असं त्याला परतीच्या गाडीत वाटत होतं.

आणि ते मोठं काम आज "कृपया. चहा. घेऊन. ये." असं बाहेर पडलं होतं.

तानूबाई चहा आणायला खाली गेल्यावर मुजावर मॅडमनी त्याला बाजूला घेतलं.

"गुरवकाका, मी समजावते. माणूस शब्द जुळवतो तेव्हा मेंदूतून जिभेला, ओठांना, जबड्याला हुकूम सुटतात. बिरूदादांचं स्वरयंत्र काढलंय, पण हुकूम सुटतातच. स्नायू हलला की अगदी बारीक वीज उठते. ती पट्टी ती वीज वाचते आणि शब्द ओळखते. इथपर्यंत अडचण नाही. पण ओळखलेला शब्द वाजवायला आवाज लागतो. कारखान्यात बनवलेला आवाज लावून बघितला आम्ही. घरचेच कंटाळतात. सहा महिन्यांत डबी खुंटीला लागते. म्हणून माणसाचा आवाज हवा."

"मग दिला की मी."

"तुम्ही एकच दिलात. पुकारायचा." त्यांनी मोबाइल पुढं केला. पडद्यावर सात चौकोन होते. साधं बोलणं, हाक, राग, हसू, धीर, लाड, विनवणी. पहिला तेवढा हिरवा होता. "रागात गळ्याचे पडदे घट्ट मिटतात. लाडात सैल राहतात, मधून हवा निसटते. विनवणीत आवाज कुठं तुटतो, ते ज्याचं त्याचं असतं. हे यंत्राला अंदाजानं करता येत नाही. तुमच्या गळ्यातून एकदा तरी खरं यायला लागतं."

"दुसऱ्या कुणाचा लाड जोडला तर?"

"ठिगळ कळतं काका. आवाज एकाचा, माया दुसऱ्याची."

"मग मी करून दाखवतो. वाक्यं द्या."

त्यांनी दिली. 'ये माझ्या राजा' हे वाक्य त्यानं असं म्हटलं की बाहेरची नर्स दार उघडून आत डोकावली, कुणाला बोलावताय म्हणून.

शेवटी मॅडमनी त्याच्याही गळ्याला एक पट्टी चिकटवली आणि ते सात चौकोन त्याच्या मोबाइलवर घालून दिले. ही फक्त ऐकणारी. रोजच्या जगण्यात जो सूर खरा लागेल तो ती टिपणार आणि रोज पहाटे बिरूच्या डबीत भरणार. मुदत चाळीस दिवस. नंतर आवाज आहे तसा कायमचा कुलूपबंद करायचा, म्हणजे कुणी त्यात ढवळाढवळ करून नंदकुमारच्या नावानं भलतंसलतं बोलायला नको. एकदा बंद झाला की त्यात अक्षरभर घालता येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "काका, पट्टी बिघडलीय का? काल दिवसभरात एकोणीस शब्द आलेत."

"बिघडली नाही," तो म्हणाला. आणखी काय सांगणार? एकोणीस म्हणजे त्या मानानं बरेच होते. काल गॅसवाला आला होता.

बोलायला माणूस नाही, म्हणून तो बिरूकडंच जायला लागला. लेंगऱ्याच्या माळावर कोळेकरांची मेंढरं बसली होती, शंभराच्या आसपास. ड्यूटी दुपारी संपली की तो गाडी धरायचा आणि सडकेला उतरून चालत जायचा.

तिथं बिरूची वेगळीच तऱ्हा चालली होती. तो मेंढरांना हाक मारायचा आणि एकही मेंढरू वळत नव्हतं. उलट डबी वाजली की ती मागच्या मागं सरकायची.

"त्यास्नी वाटतंय येस्टी आली," तानूबाई म्हणाली. "ह्यो बोलला की रस्ता सोडत्यात बघा."

हसणारीच बाई होती ती. नंदकुमार बूट घालून शेणात पाय देत चालायचा, त्यावर हसायची. त्याच्या चहा पिण्याच्या ढंगावर हसायची. एकदा मेंढा त्याच्या मागून आला आणि त्याला लोळवून गेला, तेव्हा ती म्हणाली, "सायेब, न पुकारता आला की वो ह्यो!" आणि जमिनीवर पडल्या पडल्या नंदकुमार हसला. दम लागेपर्यंत हसला. मोबाइलमध्ये एक चौकोन हिरवा झाला.

हाक बिरूनंच शिकवली. जीभ टाळूला लावून र्‍र्‍र्‍ करायचं, मग शेवट वर उचलून सोडून द्यायचा. तोंडानं दाखवायचा आणि डबी बंद ठेवायचा. आठ दिवस माळावर उभं राहून नंदकुमार हाका घालत होता. माइकवर कधी जोर लावावा लागला नव्हता, इथं बेंबीपासून ओढून काढावं लागत होतं. नवव्या दिवशी पाच-सहा मेंढरांनी माना वर केल्या. त्या वयात त्याला एवढा आनंद झाला की आजूबाजूला कुणी बघतंय का, हेसुद्धा त्यानं पाहिलं नाही.

राग स्टँडवर सापडला, एका ड्रायव्हरनं हात करणाऱ्या म्हातारीला सोडून गाडी काढली तेव्हा. आणि धीर त्याच म्हातारीपाशी. तिची लेक दवाखान्यात होती. दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास तो तिच्याजवळ बाकावर बसून राहिला. एकतीस वर्षं काचेआडून गाड्यांना बघितलं, बाकावर बसून माणसांना बघितलं नव्हतं, हे त्याला तेव्हा जाणवलं.

लाडाचं मात्र काही होत नव्हतं. मग पंचविसाव्या दिवशी एक मेंढी विताना मेली. कोकरू जगलं. तानूबाईनं ते दुधाच्या बाटलीसकट नंदकुमारच्या मांडीवर टाकलं, कारण तिला अडलेली दुसरी मेंढी सोडवायची होती. कोकरू बाटली तोंडात घेईना. थरथरत होतं. नंदकुमारनं त्याला सदऱ्याच्या आत घेतलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "घे की रं बाळा... घे थोडं... भ्यायचं नाही, मी आहे ना... हां... असं... शहाणं माझं ते." किती वेळ तो असंच बोलत होता कुणास ठाऊक. कोकरू चोखायला लागलं. नंदकुमारच्या घशात काहीतरी सैल झालं होतं, आणि ते सैल झालेलं त्याला ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहावा चौकोन हिरवा होता.

उरली विनवणी. ती बिरूला सगळ्यात जास्त हवी होती. त्याचा मुलगा सिदू तीन वर्षांपूर्वी घर सोडून गोव्याकडं गेला होता. मेंढरं नकोत, मशीन चालवतो म्हणाला, आणि बिरूनं त्याला माणसांदेखत काठीनं मारलं होतं. त्यानंतर बापानं एकदाही ये म्हटलं नाही. मग आजार आला.

"आवाज हुता तवा बोलावलं न्हाई," तानूबाई म्हणाली, पहिल्यांदाच न हसता. "आता बोलवावं वाटतंय तर ह्यो असा."

बिरूनं ओठ हलवले. डबी म्हणाली, "सिदू. घरी. ये." हुकूम सुटावा तशी. बिरूनं मान हलवली आणि डबी हातानं झाकली. असं बोललो तर परत मारायलाच बोलावतोय वाटेल त्याला, हे सांगायला त्याला शब्द लागले नाहीत.

अडतिसाव्या दिवशी, सोमवारी, नंदकुमार निवृत्त झाला. शाल, श्रीफळ, पुकारायच्या केबिनसमोर फोटो. शैला आली होती. गुरुवारी सकाळच्या गाडीनं परत जायचं ठरवूनच आली होती, मुलीची रजा संपत होती. घरात शिरल्यावर तिनं डबे उघडून बघितले, एकाची झाकणं दुसऱ्याला लावली होती ती नीट केली, आणि पाहुणी बसते तशी खुर्चीच्या कडेला बसली. गळ्यावरच्या पट्टीबद्दल त्यानं चार वाक्यांत सांगितलं. "चांगलं काम आहे," ती म्हणाली.

मंगळवारी बिरू आणि तानूबाई घोंगडं घेऊन आले, निवृत्तीची भेट. शैलानं पोहे केले. ती आत कांदा चिरत होती आणि बाहेर तिघांचं चाललं होतं. तानूबाई सडकेपासून चालत आली होती. गुडघा धरून बसली. बिरू तिच्याकडं वळला.

"तानू, दुखतंय का गं लई? बस जरा, पाय पसर. मी हाय न्हवं."

स्वयंपाकघरातली सुरी थांबली.

बोली धनगराची होती, पण आवाज शैलाच्या नवऱ्याचा होता. खर्जातला, किंचित नाकातून येणारा, तिनं वर्षानुवर्षं स्टँडवरच्या भोंग्यातून ऐकलेला. फक्त तो आत्ता मऊ होता. शेवटचा शब्द हवेत विरघळत होता. ती दारात आली. तिनं आधी नवऱ्याच्या ओठांकडं बघितलं. ते मिटलेले होते.

"काय बोलत्यात बगा," तानूबाई लाजून म्हणाली. "जल्मात असं कधी बोलला न्हवता ह्यो. सायबांमुळं. कोकराला दूध पाजताना सायेब असं गोड बोललं की लगीच ते ह्याच्या डबीत आलं."

"कोकराला?" शैला म्हणाली.

"व्हय की. ह्येवढं हुतं. सदऱ्यात घातलं हुतं सायबांनी."

शैलानं पोहे दिले, चहा दिला, जाताना तानूबाईला हळदीकुंकू लावलं. दार लावून घेतल्यावर ती ताटल्या उचलत राहिली. नंदकुमारनं दोन बोटं वर केली, मग त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्यानं हात खाली घेतला.

"कोकराला बोललात," ती म्हणाली.

"शैला..."

"नाही, चांगलं केलंत. मुकं जनावर ते." तिनं ताटल्या मोरीत ठेवल्या. "स्नेहल झाली तेव्हा यात्रेच्या जादा गाड्या होत्या. तुम्ही चार वाजता आलात दवाखान्यात. मी बघत होते तुमच्याकडं, काहीतरी म्हणाल. तुम्ही घशाकडं बोट दाखवलंत. आणि मग हातानं विचारलंत, कसं आहे म्हणून. मी म्हटलं, दमलेत. म्हटलं, बोलतील उद्या."

नळ चालू झाला.

"मला इतकी वर्षं वाटायचं, तुमच्याकडं तो आवाजच नाही. नाही तर नाही. नसलेल्या गोष्टीवर रुसायचं काय? पण होता की हो. सगळा होता."

तिनं भांडी घासली. तो दारात उभा राहिला. आवाज देऊन टाकणं सोपं होतं, एवढं त्याला कळलं. ज्याला द्यायचा होता त्याला सोडून जगाला वाटला, तरीही तो दानात मोडतो की नाही, हे त्याला कळेना.

बुधवार मुदतीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला आवाज कुलूपबंद होणार होता. दुपारी मुजावर मॅडमचा फोन आला. "एक राहिलाय काका. नाही झाला तर नाही. सहासुद्धा खूप आहेत." मग जरा थांबून, "बिरूदादांनी सकाळपासून दोनदा फोन करून विचारलं."

पाच वाजता शैला पिशवी भरत होती. नातीसाठी घेतलेली झबली, शेंगदाण्याची चटणी, तिची दोन पातळं. ती घडी घालायची, पिशवीत ठेवायची, परत काढून नीट लावायची. नंदकुमार तिच्यासमोर पलंगावर बसला. मग त्यानं गळ्याची पट्टी सोलून काढली आणि खिडकीत ठेवली.

"काढली का?" शैलानं विचारलं. "सहापर्यंत आहे म्हणालात ना?"

"तुझ्याशी बोलायचंय."

"मग?"

"ते पट्टीत जायला नको. बाकी सगळं वाटून झालं. एवढं एक तुझं असू दे."

शैला हातातलं झबलं तसंच धरून उभी राहिली. खिडकीतली पट्टी बघत राहिली.

"काय राहिलंय त्यात?"

"विनवणी."

"बिरूदादांना कुणाची करायचीय?"

त्यानं सिदूचं सांगितलं. काठीचं, गोव्याचं, तीन वर्षांचं. एवढं सलग तो तिच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता, पण तेव्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"म्हणजे त्यांनी ये म्हणायचंय," शैला म्हणाली, "आणि त्यांना ते म्हणता येत नाहीये."

"हं."

तिनं झबलं खाली ठेवलं. खिडकीतून पट्टी उचलली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली, आणि त्याच्यासमोर येऊन ती त्याच्या गळ्याला लावली. कडा सुटू नयेत म्हणून अंगठ्यानं दाबत गेली, या कानापासून त्या कानापर्यंत. तिचा हात गार होता.

"त्या माऊलीच्या पोराला येऊ दे घरी," ती म्हणाली. "मला ऐकायला मिळालं की झालं. मागून कोण का वापरेना. म्हणा आता."

त्यानं घसा साफ केला. "शैला. तू. राहा."

दोघांनीही मोबाइलकडं बघितलं. चौकोन होता तसाच होता.

"हे स्टँडवरचं झालं," शैला म्हणाली आणि पिशवीची चेन ओढायला लागली. चेन मध्येच अडकली. तिनं दोन झटके दिले. तिचे खांदे त्याला पाठमोरे दिसत होते, आणि पाठीवर सैल झालेला ब्लाउज. दीड वर्षात ती वाळली होती. हे त्यानं सोमवारी बघायला हवं होतं.

"शैले," तो म्हणाला.

अशी हाक त्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी मारली होती, तीही दोन-चारदा. तिचे हात चेनवर थांबले.

"नको ना जाऊ. तू फोन ठेवतेस आणि मी तसाच बसतो गं. बोलायचं असतं, पण तोपर्यंत तू गेलेली असतेस. मी घसा राखत बसलो, त्यात..." पुढचा शब्द फुटलाच नाही. नुसती हवा आली. त्यानं परत ओढून काढला. "मला येत नाही हे. शिकेन. पण तू असशील तर शिकेन. राहा ना गं. थोडं राहा."

मोबाइलनं बारीक टुणटुण आवाज केला. सातवा चौकोन हिरवा झाला होता. घड्याळात सहाला वीस कमी होते.

शैला वळली नव्हती. पदराच्या टोकानं तिनं नाक पुसलं.

"झालं का त्यांचं?"

"झालं."

"एकदाच पुरलं?"

"पुरलं. हिरवा झालाय."

"मला नाही पुरलं," ती म्हणाली. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं. तेच शब्द आले नाहीत, दुसरे आले, ओबडधोबड, मागचे पुढं. ती ऐकत राहिली. मग ती पलंगावर त्याच्या शेजारी बसली, त्याच्यापासून वीतभर अंतर ठेवून, आणि समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "हं, परत."

माळावर त्या वेळी बिरू कोळेकर काय करत होता, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सहाच्या आत टिपलेला नवा सूर त्याच्या डबीत उद्या पहाटे भरणार होता. गोव्यातला मुलगा फोन उचलेल की नाही, उचललाच तर परक्या आवाजात बापाला ओळखेल की नाही, हे कुठल्याच यंत्राला सांगता येत नव्हतं.

सहा वाजून गेल्यावर शैलानं मोबाइल घेतला आणि चिंचवडला फोन लावला. पलीकडून नातीचं रडणं ऐकू येत होतं.

"स्नेहल, अगं, माझं उद्याचं रद्द कर. रविवारी येते... हो, रविवारी नक्की, तुझी अडचण कळते गं मला. तीनच दिवस काढ शेजारच्या ताईंवर." तिनं पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही गं, पप्पांना काही झालं नाही. बरे आहेत." मग फोन दुसऱ्या कानाला लावत, आवाज बारीक करून ती म्हणाली, "बोलताहेत."